मॅडमचं आमेन झालं का?

आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा विषयही त्यांनीच देऊन टाकला. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने. मी म्हटलं, "बाई, या विषयावर लिहायला दुसरं कुणी शोधा. माझ्या निम्म्या प्रार्थना डुलक्या काढण्यात गेल्यात." त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा." म्हणून लिहिते आहे. उपदेश म्हणून कुणी वाचू नये. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या सकाळींचं काय झालं, एवढंच यात आहे.

मी डायलिसिस सेंटरची इन्चार्ज सिस्टर होते. लालबागच्या एका आतल्या गल्लीत, एका धर्मादाय संस्थेचं पहिल्या मजल्यावरचं सेंटर. ज्यांचा या गोष्टीशी संबंध आलेला नाही (आणि येऊही नये) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. किडन्या काम करेनाशा झाल्या की रक्तातली घाण आणि अंगातलं जादा पाणी बाहेर पडत नाही. ते काम मग मशीनकडून करून घ्यावं लागतं. हातावर एक छोटं ऑपरेशन करून शीर जाड करून घेतात. त्या शिरेत दोन जाड सुया टोचायच्या. एकीतून रक्त बाहेर येतं, गाळलं जातं, दुसरीतून परत आत जातं. चार तास लागतात. आठवड्यातून तीनदा. नवी किडनी मिळेपर्यंत, नाहीतर जन्मभर. आणि आमच्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती मिळायची.

म्हणजे आमचा पेशंट बरा होऊन घरी जात नाही. तो येत राहतो, येत राहतो आणि एके दिवशी येत नाही. दुसऱ्या वॉर्डांत माणसं पेढे देऊन डिस्चार्ज घेतात. आमच्याकडे पेढे कुणी आणले तर मीच ओरडायचे, कारण शुगर.

पहिली शिफ्ट उजाडायच्या आत सुरू व्हायची. पेशंट त्याच्याही आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसलेले असत. त्यामुळे माझा दिवस पहाटे सुरू होई, आणि तो सुरू करायचा मान फोनचा होता. डोळे उघडायच्या आत हात उशाखाली जायचा. एका सिस्टरला ताप, दुसरीचं मूल आजारी, तीन नंबरचं मशीन अलार्म देतंय, ऑफिसला कालचा आकडा हवाय, कुणाच्या तरी मुलीचा मेसेज की बाबांनी रात्री बंदी असलेलं कलिंगड खाल्लं, काय करू? लॉकडाऊननंतर आमचा निम्मा स्टाफ सोडून गेला होता आणि पेशंट मात्र वाढले होते. पाय जमिनीवर टेकायच्या आत मी चार जणांवर चिडलेली असायचे.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. घरात सकाळची प्रार्थना चुकली असं कधी झालं नाही. आम्ही भावंडं डोळे चोळत चटईवर बसायचो, वडील शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचे, मग प्रत्येकाने दोन वाक्यं प्रार्थना करायची. मी ती सवय घेऊनच लग्न करून नायगावला आले होते. ती कधी सुटली ते मला सांगता येणार नाही. भांडण होऊन सुटली असती तर लक्षात राहिलं असतं. ती झिजत गेली. आधी उतारा गेला, मग गुडघे टेकणं गेलं, मग बसस्टॉपवर उभ्याउभ्या "प्रभू, आजचा दिवस निभाव" एवढंच उरलं आणि मग तेही राहून जायला लागलं. रविवारी चर्चमध्ये मात्र मी पहिल्या चार बाकांत.

आता परबकाकांविषयी सांगायला हवं.

चंद्रकांत परब, मूळचे मालवणकडचे, मिल बंद पडेपर्यंत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले. राहायला सेंटरच्या मागच्याच चाळीत. पहिल्या शिफ्टचे, खिडकीजवळच्या मशीनचे. ते मशीन दुसऱ्याला दिलं की त्यांचं बीपी वाढायचं. हे नाटक आहे असं मी म्हणायचे, पण बीपी खरोखर वाढायचं. सुई फक्त मी टोचायची. नवीन मुलगी जवळ आली की ते हात पांघरुणात घालून झोपेचं सोंग घ्यायचे. सगळ्या बातम्या, सगळ्या तक्रारी, शेजारच्या बेडवरच्या माणसाच्या जावयाची भानगड, सगळं त्यांच्यापाशी. बायको रत्नप्रभाकाकी बाहेर बाकावर बसून असायच्या. बोलणं कमी. नवऱ्याचा डबा आणि चप्पल सांभाळत चार तास तशाच बसायच्या.

एका सकाळी मी त्यांच्या हाताला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई उचलली आणि माझा हात थरथरायला लागला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी घरून निघेपर्यंत मी फोनवर तिघांशी भांडले होते, चहा घेतला नव्हता आणि आधीचे कितीतरी दिवस मला धड झोप नव्हती. मी सुई खाली ठेवली, पुन्हा उचलली. हात थांबेना.

परबकाकांनी बघितलं. मला वाटलं, आता हे आख्ख्या हॉलला ओरडून सांगणार. ते हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमी आधी जरा बसा. माझो हात खंय पळान जाऊचो नाय."

"काका, पुढचे पेशंट थांबलेत."

"थांबतले. त्येंका पण हात थरथरणारी सिस्टर नको आसा."

बसायला जागा कुठे होती? मी पाण्याच्या प्लांटच्या खोलीत गेले. डायलिसिसला अतिशय शुद्ध पाणी लागतं, ते करणारा प्लांट तिथे घरघरत असतो. एका उलट्या बादलीवर बसले आणि काय करावं ते न सुचून डोळे मिटले. प्रार्थना करायची म्हणून मिटले नव्हते. पण मिटल्यावर तोंडातून वडिलांच्या प्रार्थनेचंच पहिलं वाक्य आलं, "हे आमच्या बापा." पुढचं काही आठवेना. तेवढंच म्हणत राहिले. प्लांटच्या आवाजात माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही, एवढं बरं झालं.

बाहेर येऊन सुया टोचल्या. नीट गेल्या. परबकाका छताकडे बघत होते. एका शब्दाने त्यांनी पुढे ती गोष्ट काढली नाही, आणि त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं, फोनच्या आधी प्रार्थना. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं की सकाळचा पहिला तास देवाला द्यावा. पाळकसाहेब भले आहेत, पण त्यांना पहाटे पाणी भरावं लागत नाही. आमची चाळ पाडायला घेतल्यापासून आम्ही संक्रमण शिबिरातल्या एका खोलीत राहत होतो. पाणी पहाटेच यायचं. मी बादल्या भरून चहाचं आधण ठेवायचे आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसायचे. फोन बंद. एखादा उतारा, थोडं बोलणं, थोडं गप्प बसणं. बहुतेक वेळा डुलकी. चहा उतू जाऊन गॅस विझल्याच्या वासाने मी आमेनपर्यंत पोचायचे.

यामुळे दिवस सोपा झाला का? नाही. अलार्म तेवढेच वाजायचे, स्टाफ तेवढाच कमी असायचा. पण दारातून आत शिरताना मी आधीच कुणावर तरी चिडलेली नसायचे. हात थरथरायचा थांबला. मला वाटलं, जमलं आपल्याला.

मग ती गणपतीनंतरची सकाळ आली.

लालबागला गणपतीत काय असतं ते मी सांगायला नको. आमच्या पेशंटना दिवसाला मोजकंच पाणी प्यायचं असतं, कारण प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात साठतं आणि शेवटी फुप्फुसात उतरतं. आणि परबकाका मंडपात खुर्ची टाकून बसणारे. येणारा प्रत्येक जण हातात चहा देणार, सरबत देणार. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी होती.

त्या पहाटे प्लांटची मोटर जळाली. आमचा टेक्निशियन नरेश मला फोन लावत राहिला. माझा फोन बंद. मी स्टुलावर होते. त्याने मग माझ्या हाताखालच्या दीपालीला फोन केला. ती लोअर परळहून धावत आली. मी प्रार्थना आटोपून, चहा पिऊन, फोन चालू केला तेव्हा स्क्रीन नुसती भरलेली.

पोचले तर बाक भरून माणसं बाहेरच आणि आत परबकाका बेडवर पाय खाली सोडून ताठ बसलेले. त्यांना आडवं होता येत नव्हतं. श्वास घेताना छातीत खुळखुळ आवाज. ओठ काळेनिळे. दीपालीने ऑक्सिजन लावून ठेवला होता, ॲम्ब्युलन्सलाही सांगितलं होतं. त्यांना डायलिसिस लगेच हवं होतं आणि आमच्याकडे पाणी नव्हतं.

मी शांत होते असं लिहायला मला आवडलं असतं. मी शांत नव्हते. एकच वाक्य डोक्यात घण घालत होतं, हा माणूस इथे गुदमरत होता आणि तू तिथे डोळे मिटून बसली होतीस.

ॲम्ब्युलन्समधून परळच्या मोठ्या हॉस्पिटलला गेलो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काकी. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, मशीन रिकामं नाही. खरंच नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टर, हे पेशंट मी वर्षानुवर्षं बघतेय. यांना दुपार दिसणार नाही." त्याने एकदा काकांकडे बघितलं आणि ज्याची वेळ थोडी पुढे ढकलता येईल अशा पेशंटला विनंती करायला गेला. तो पेशंट उठला. त्या अनोळखी माणसाचे उपकार कसे फेडायचे, मला माहीत नाही. तिथल्या सिस्टरने सुया टोचल्या. परबकाकांनी हात पांघरुणात घातला नाही, त्यावरून मला कळलं की ते किती घाबरलेत.

बऱ्याच वेळाने काकांची धाप कमी झाली. मास्क थोडा बाजूला करून म्हणाले, "आज केलास प्रार्थना?"

मी दचकले. प्लांटच्या खोलीतलं यांना कसं कळलं, घरचं कसं कळलं, काही विचारलं नाही. दीपाली आणि नरेशला माझ्या बंद फोनचं कारण माहीत होतं, म्हणजे हॉलला माहीत होतं, म्हणजे परबकाकांना सगळ्यांत आधी.

"केली," मी म्हटलं.

"मगे त्येच्यात माझा नाव घेतलास?"

काय सांगणार? मी माझ्या हातासाठी प्रार्थना करत होते, माझ्या झोपेसाठी, माझा दिवस निभावून जाण्यासाठी. नवरा होता त्यात, मुलगी होती. खिडकीजवळचं मशीन नव्हतं.

"नाय घेतलास," ते म्हणाले. रागाने नाही. "उद्यापासून घ्या. तुमच्या देवाक माझी काय वळख नाय. कोणीतरी करून देऊक व्हयी."

काकी पायथ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ओ, गप ऱ्हवा. मास्क लावा." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत मोठं वाक्य.

मोटर संध्याकाळपर्यंत बदलून झाली. सगळ्यांचं डायलिसिस उशिरा का होईना, झालं. आमच्या व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमच्या देवाला थोडा उशीर चालत असेल," ते म्हणाले, "इथे माणसं गुदमरतात." मी फोन उचलला असता तरी मोटर जळलेलीच राहिली असती, हे खरं. पण मी थोडी आधी पोचले असते, हेही खरं. आजही मला त्यांच्या बोलण्याचं नीट उत्तर सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन चालू ठेवून स्टुलावर बसले. हे आमच्या बापा म्हणते न म्हणते तोच वाजला. एका सिस्टरला दिवाळीच्या रजेबद्दल विचारायचं होतं. गणपती तर नुकतेच गेले होते. मी फोन आपटणारच होते, तेवढ्यात माझ्या नवऱ्याने तो हातातून घेतला. यशवंतने आयुष्यभर बस चालवली. पॅसेंजरांशी बोलायची त्याला सवय. तो फोन घेऊन दाराबाहेर पॅसेजमध्ये गेला.

त्या दिवसापासून तोच नेम झाला. मी स्टुलावर, फोन यशवंतकडे. पॅसेजमधून त्याचा आवाज यायचा. "ती बसलीय. कुणाला श्वास लागलाय का? कुणाचं रक्त थांबत नाही का? प्लांट बंद पडलाय का? नाही ना? मग थोड्या वेळाने करा." यांपैकी एकाला जरी हो आलं तर तो आत येऊन माझ्या खांद्याला हात लावायचा आणि मी आमेन न म्हणताच उठायचे. देवाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. हळूहळू स्टाफला सवय झाली. नरेश तर फोन लागल्या लागल्या विचारायचा, "साहेब, मॅडमचं आमेन झालं का?" आणि निम्म्याहून जास्त वेळा त्याचं काम तोपर्यंत आपोआप झालेलं असायचं.

आणि मी नावं घ्यायला लागले. पहिल्या शिफ्टची, खिडकीपासून दारापर्यंत, मशीनच्या क्रमाने. नाव घेतलं की माणूस डोळ्यांपुढे यायचा, आणि आला की त्याच्याविषयी काहीतरी बोलावं लागायचं. कोळीवाड्यातल्या हिराबाई होत्या. मीठ बंद सांगितलं तरी सुकी मासळी सुटत नव्हती. "प्रभू, हिराबाईंचं सुकट सुटू दे. नाहीच सुटलं तर त्यांचं बीपी तू बघ, माझ्याने होत नाही." अशा माझ्या प्रार्थना. पाळकसाहेबांना ऐकवण्यासारख्या नव्हत्या. पण सेंटरवर हिराबाई समोर आल्या की मी पूर्वीसारखी तोंड सोडत नव्हते. सकाळीच ज्याच्यासाठी कुणापुढे तरी हात जोडलेत, त्याच्यावर दुपारी खेकसणं जड जातं. एवढाच फरक. मी यापेक्षा मोठी साक्ष देऊ शकत नाही.

परबकाका आल्या आल्या विचारायचे, "झाली हजेरी?" मी म्हणायचे, "झाली. पाणी कमी प्या." त्यांनी पाणी कधी कमी केलं नाही.

ते त्यानंतर दोन गणपती राहिले. एका रविवारी घरीच गेले, जेवून पडले असताना. हृदय बंद पडलं. आमच्या पेशंटचं बहुतेक असंच होतं. चाळीतून निरोप आला तेव्हा मी चर्चमधून घरी येत होते.

सोमवारी पहाटे स्टुलावर बसले. खिडकीपासून सुरुवात करायची सवय. चंद्रकांत परब, असं तोंडातून निघून गेलं आणि मी थांबले. आमच्या शिकवणीत गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेला माणूस देवाच्या हातात, आपण मागायचं उरलेल्यांसाठी. हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण आतापर्यंत किती गेले, त्यांची नावं थांबवताना असं अडखळायला झालं नव्हतं. मी इतकी दमले होते. या कामात माणूस पायांनी दमतो असं लोकांना वाटतं. ओळख करून घेऊन घेऊन दमतो माणूस. मग म्हटलं, रत्नप्रभा परब. त्यांच्याविषयी मला एक वाक्यही बोलता येईना. चप्पल सांभाळणारी बाई, यापलीकडे मला त्यांची काय माहिती होती?

काही दिवस गेले. खिडकीजवळचं मशीन रिकामं राहत नाही. यादीत थांबलेले असतातच. तिथे इस्माईलभाई आले, कॉटन ग्रीनच्या गोदामात हमाली करणारे. माल उचलून उचलून तयार झालेला दणकट माणूस, पण पहिल्या दिवशी सुई बघून त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

त्यांच्या दुसऱ्या डायलिसिसच्या दिवशी मी सेंटरवर पोचले तर बाकावर काकी बसलेल्या. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती. मला बघून उठल्या.

"काकी, काही काम होतं का? कागद वगैरे काही?"

"नाय गो. काय काम नाय," त्या म्हणाल्या. "उठलंय, न्हालंय, चाय केलंय आणि पाय हयच इले. घरात सकाळी करूचा काय?"

मी त्यांच्याशेजारी बसले. आतून दीपाली दोनदा डोकावून गेली. मी त्यांना सांगितलं की सोमवारपासून रोज सकाळी मी त्यांचं नाव घेते. सांगावं की नाही, मला कळत नव्हतं. त्यांचे देव वेगळे, त्यांचं दुःख ताजं. त्या म्हणाल्या, "ह्येंनी सांगितलेला माका. सिस्टर हजेरी घेतत म्हणान. ऱ्हवलेल्यांची पण घेतास तर."

"घेते."

काचेच्या दारातून हॉल दिसत होता. खिडकीजवळच्या बेडवर इस्माईलभाई बसले होते, हात पुढे धरून, माझी वाट बघत. काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तो कोण?"

"नवीन आहेत. याच आठवड्यात सुरू झालेत."

"घाबारलोसा दिसता."

"हो. खूप."

"नाव काय त्येचा?"

"इस्माईल."

"आज घेतलास मा त्येचा नाव?"

"घेतलं."

"मगे आत जावा तुमी," त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून जिना उतरून गेल्या.